मेस्त्रींनी आणलेला डबा

सात वर्षांपूर्वी एका शुक्रवारी, दुपारचं जेवण चालू असताना, मला विमानतळावरून फोन आला. मी ताटावरून उठून बाल्कनीत गेलो, मिनिटभर बोललो आणि परत येऊन बसलो. बायकोने विचारलं, "अहो, कोणाचा?"

"राँग नंबर."

"राँग नंबरला 'आलोच' म्हणालात?"

"कटवायला म्हणतात तसं," मी म्हणालो आणि आमटी वाढून घेतली.

तो राँग नंबर नव्हता. फोन आमच्या मेस्त्रींचा होता. त्यांना कस्टममध्ये बसवून ठेवलं होतं आणि त्यांच्या सामानात जे सापडलं होतं ते माझं होतं. हे मी या वर्षापर्यंत कोणालाही सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, मुलीला नाही आणि नाशिकच्या ज्या भावाने ते सामान भरलं त्यालाही नाही.

आता नीट पहिल्यापासून सांगतो.

मी इथे कुवेतमध्ये एका पेट्रोकेमिकल कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. लोकांनी हेल्मेट घातलंय का, पट्टा लावलाय का, कुठल्या पिंपावर कुठलं लेबल आहे, हे बघायचं आणि नसेल तर ओरडायचं, हे माझं काम. वीस वर्षं हे काम केल्यावर माणूस घरीदारी तसाच होतो. मंडळात माझं टोपणनाव 'परमिट' आहे. रुमैथियात एका व्हिलाच्या तळघरात आमचं मराठी मंडळ जमतं, तिथे समोशांच्या कढईजवळ लहान मुलं दिसली की मी हातातली खुर्ची आडवी टाकतो. असा मी.

त्या मंडळात दर जूनमध्ये, सगळे सुट्टीवर निघायच्या आधी, माझं एक भाषण असे: 'गावाहून काय आणू नये'. स्लाइडसकट. पहिली स्लाइड खसखशीची. इथे खसखस चालत नाही, तिला अफूच्या घराण्यातली समजतात, म्हणून आमचे अनारसे तिळावर थापले जातात आणि दर दिवाळीला कोणीतरी उसासा टाकून म्हणतं, "तिळाचे म्हणजे काय, बरे लागतात." एकदा एका डॉक्टरांच्या सासूबाई खसखशीची पुडी घेऊन सुखरूप पोचल्या होत्या. मी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन ती पुडी सिंकमध्ये रिकामी करायला लावली. आजी म्हणाल्या, "अरे मेल्या, खीर होती ती!" मी म्हणालो, "आजी, केस होती ती." तळघरात हा किस्सा माझ्या नावावर बरीच वर्षं चालला.

दुसरी स्लाइड औषधांची. झोपेच्या गोळ्या, खोकल्याची काही औषधं, काही वेदनाशामकं. त्यातच ट्रामाडोल. ती स्लाइड मीच केली होती. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मी स्वतःच बंद करून ठेवलेली.

पण पाठीला भाषण कळत नाही. चाळिशीत माझ्या मणक्याची एक चकती सरकली. तेव्हा मेस्त्री आमच्या घरी येऊ लागले. ते कणकवलीकडचे सुतार, एका ठेकेदाराच्या कंपनीत, हवल्लीत आमच्या मागच्या गल्लीत सहा जणांच्या खोलीत राहायचे. मंडळाच्या गणपतीचं मखर तेच करायचे. माझी पाठ गेली हे कळल्यावर ते एका शुक्रवारी प्लायवूडची फळी खांद्यावर घेऊन तीन जिने चढून आले, पलंग उघडला, गादीखाली फळी बसवली, स्वतः तिच्यावर आडवे होऊन बघितलं आणि म्हणाले, "सायबानू, आता काय मोडलां तर तुमचां कंबरडां मोडतलां, फळी नाय." चहाशिवाय काही घेतलं नाही.

फळीने बरं वाटलं. गोळीने जास्त बरं वाटलं. सुट्टीत नाशिकच्या डॉक्टरांनी ट्रामाडोल लिहून दिली होती, पंधरा दिवसांची. इथल्या डॉक्टरांनी पाच दिवसांची दिली आणि वर माझ्याकडे जरा रोखून बघितलं. मला ते बघणं आवडलं नाही. मग नाशिकच्या ओळखीच्या दुकानातून भाऊ घेऊन ठेवू लागला आणि मी सुट्टीवरून येताना स्वतःच्या खिशात चिठ्ठीसकट दोन पाकिटं आणू लागलो. दुखणं वर्षभरात गेलं. गोळी गेली नाही. सकाळी एक घेतली की दिवस कसा लोण्यासारखा जायचा, साहेब चिडला तरी तो काचेपलीकडे चिडतोय असं वाटायचं. एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. ह्याला काय म्हणतात ते मला माहीत होतं. पण ते दुसऱ्यांना होतं, स्लाइडवरच्या लोकांना.

त्या वर्षी मला सुट्टी मिळाली नाही. मेस्त्रींना मिळाली.

आमच्याकडची एक रीत इथे सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच फिरलं. कोणी सुट्टीवर निघालं की तो परतीच्या तीस किलोंतले काही किलो वाटून देतो. बॅचलर, म्हणजे इथे कुटुंबाशिवाय एकटा राहणारा, असेल तर जास्तच, कारण त्याचं स्वतःचं सामान ते काय! लोकांची पार्सलं त्याच्या गावी कुरियरने जातात आणि तो ती घेऊन येतो: कोणाचा गोडा मसाला, कोणाचं लोणचं, कोणाच्या मुलाचा चष्मा. यात एक न बोललेला नियम आहे. आणणाऱ्याने पार्सल उघडायचं नाही. उघडणं म्हणजे अविश्वास. एका नवख्याने एकदा विचारलं होतं, "आत काय आहे बघू का?" तर तळघरात त्याच्याकडे वर्षभर कोणी पार्सल दिलं नाही. मी सुरक्षा अधिकारी, लेबलाशिवाय पिंपाला हात लावू नका म्हणून माणसांवर खेकसणारा, मलाही ही रीत फार मोठ्या मनाची वाटायची.

मेस्त्री घरी किलो वाटायला आले. बायकोला म्हणाले, "वैनीनू, पाच किलो तुमचां. नारळ धाडू नकात हां, नारळ फोडून बघतत."

"नारळ नाही हो, डिंकाचे लाडू. ह्यांच्या पाठीसाठी."

"मग चार डबे धाडा, दोन माझ्या पाठीक!"

आम्ही सगळे हसलो. रात्री जेवणं झाल्यावर मी भावाला फोन केला. म्हणालो, गोळ्या लाडवांच्या खाली ठेव.

"किती?"

"आहेत तेवढ्या. सारखं सारखं कोण आणणार?"

"चालतं ना रे तिकडे?"

"चालतं. प्रिस्क्रिप्शन आहे माझ्याकडे."

प्रिस्क्रिप्शन होतं. ते माझ्या टेबलाच्या खणात होतं आणि गोळ्या मेस्त्रींच्या बॅगेत असणार होत्या, एवढाच फरक.

शुक्रवारचा तो फोन असा होता: "सायबानू, तुमच्या डब्यात औषध गावलां. बरांच आसा. हे लोक इचारतत कोणाचां. डाक्टराची चिठ्ठी असली तर घेवन येवा." आवाजात राग नव्हता. रस्त्यात टायर पंक्चर झालाय, जॅक घेऊन या, इतक्या सहज ते बोलत होते.

मी म्हणालो, "आलोच."

जेवण संपवलं. दही आणतो म्हणून निघालो. चिठ्ठी खिशात घेतली, हे खरं. सिक्स्थ रिंग रोडला लागलो, विमानतळाची हिरवी पाटी दिसेपर्यंत गेलो आणि पाटीच्या आधीच्या पेट्रोल पंपावर गाडी थांबवली. टाकी भरलेलीच होती. पंपावरचा पोरगा काच पुसू लागला आणि मी बसून विचार केला. माझा इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, कंपनीच्या नावावर. मी तिथे जाऊन 'माझं' म्हणालो की नोकरी संपली, मुलीची दहावी अर्ध्यावर सुटली. आणि मेस्त्री? त्यांना काय, ते सांगतील मला माहीत नव्हतं, साधा माणूस आहे, सोडून देतील. असं मी त्या पंपावर ठरवलं. कस्टमच्या लोकांच्या वतीने निकालही दिला. परत फिरलो. दही मात्र आणलं.

त्यानंतर मेस्त्रींचे आणखी दोन कॉल आले. फोन समोर टेबलावर थरथरत होता. मी उचलला नाही.

मेस्त्रींनी नाव सांगितलं नाही. माझंच औषध, पाठीचं, असं ते म्हणाले. चिठ्ठी नाही आणि गोळ्या एवढ्या, म्हटल्यावर विकायला आणल्यात का, इथपर्यंत चौकशी गेली. काही महिने ते आत होते. शेवटी विकण्याचा आरोप टिकला नाही, पण बोटांचे ठसे घेऊन त्यांना कायमचं परत पाठवलं. तळघरात चर्चा झाली. "सुतारकाम, ओझी उचलायची, लागली असेल सवय बिचाऱ्याला." मी मान हलवली. पुढच्या जूनमध्ये लोकांनी भाषणाचा आग्रह केला, तेव्हा मी घसा बसलाय म्हणालो. मेस्त्री पकडले गेल्यानंतरच्या पंधरा दिवसांत, घरातल्या गोळ्या संपल्यावर, मला घाम, थंडी, पोटात पिळवटणं, सगळं होऊन गेलं होतं. फ्लू म्हणून रजा टाकली. फळीवर पडून राहिलो. तेव्हापासून गोळी नाही. हे कौतुक म्हणून सांगत नाही, मिळाली नाही म्हणून सुटली.

आता या वर्षाकडे येतो.

मुलगी युरोपात धोरणशास्त्र शिकते. ती इंग्रजीत बोलते, मी मराठीत, आणि आमचं छान चालतं. वसंतात तिने एक निबंध पाठवला. विषय: अमली पदार्थ जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवला नाही, तर देशाच्या धोरणाचं काय होतं. वर लिहिलं होतं, 'बाबा, प्लीज वाचा, फक्त फॅक्ट्स बघा, माझं इंग्लिश नको.'

मी दस्मानच्या बाजूला समुद्राकाठी चालायला जातो, तिथल्या बाकावर बसून मोबाइलवर वाचला. चांगला लिहिला होता, बापाला म्हणून नाही. युरोपातल्या एका छोट्या देशाने काय केलं ते होतं: दहा दिवसांपुरता माल कोणाकडे सापडला तर त्याला कोर्टात नेत नाहीत, एका टेबलाशी नेतात. टेबलापलीकडे वकील, समाजसेवक वगैरे बसतात आणि विचारतात, बाबा रे, काय चाललंय तुझं? पदार्थ बेकायदाच राहतो, विकणारा तुरुंगातच जातो. पण वापरणारा माणूस पोलिसांच्या कपाटातून निघून दवाखान्याच्या कपाटात जातो, आणि मग सरकारला दवाखाने खरोखर उघडावे लागतात. अमेरिकेतल्या एका राज्याने अर्धंच केलं, शिक्षा काढली पण दवाखाने वेळेत उभे राहिले नाहीत, लोक वैतागले, काही वर्षांत कायदा मागे फिरला. आणि इकडे आखातात उलट, कायदे कडकच होत चाललेत. तिचं म्हणणं होतं की शिक्षेची भीती कमी झाली की सगळ्यात आधी बदलते ती एकच गोष्ट: माणूस खरं बोलू लागतो. बाकी सगळं धोरण त्यानंतर.

इथपर्यंत मी मान डोलवत होतो. मग शेवटचा भाग आला.

'माझ्या लहानपणच्या समाजात एक सुतार होते,' असं तिने लिहिलं होतं. नाव नव्हतं. ते गणपतीचं मखर करायचे, तिला लाकडाचे तुकडे खेळायला द्यायचे. त्यांना वेदनाशामकांचं व्यसन लागलं होतं. ते लपवत राहिले, कारण सांगितलं तर देश सोडावा लागला असता. त्यांना एका टेबलाची गरज होती, मिळाली कोठडी. पुढे त्या माणसाच्या मनाचं वर्णन होतं. सकाळची पहिली गोळी, काचेपलीकडचं जग, मोजलेली पाकिटं, घरच्यांशी हसून बोलणं. तिने पुस्तकांतून गोळा केलं असणार. पण एकेक ओळ मला नेमकी लागत होती. माझ्या मुलीने माझं चित्र हुबेहूब काढलं होतं आणि खाली 'सुतार' असं लिहून ते मेस्त्रींचं केलं होतं. त्यांच्यावर इतकी माया करून तिने त्यांना पक्कं व्यसनी करून टाकलं होतं. मेस्त्रींनी आयुष्यात तंबाखूपलीकडे काही खाल्लेलं नव्हतं.

मी दोन दिवस 'वाचतोय' असं कळवत राहिलो. तिसऱ्या दिवशी तिचा व्हिडिओ कॉल आला.

"बाबा, फॅक्ट्स ओके?"

"शेवटचा भाग चूक आहे."

"कुठला? द कारपेंटर? आई म्हणाली होती की—"

"आईला माहीत नाही. त्या गोळ्या माझ्या होत्या."

ती हसली आधी. मी गंमत करतोय असं वाटलं तिला; परमिट आणि गोळ्या! मग तिने माझ्याकडे नीट बघितलं. मी सगळं सांगितलं, पंप आणि दह्यासकट. मग मी, बाप किती बावळट असू शकतो बघा, धोरणाकडे वळलो. म्हणालो, "तुझ्या त्या देशात हे झालं असतं तर ते सुटले असते ना?"

"नो, बाबा." डोळे पुसत ती म्हणाली. "सीमा ओलांडून दुसऱ्याचा माल आणला. टेक्निकली ही वॉज अ कुरियर. युअर कुरियर. तो कायदा त्यांच्यासाठी नाहीच. तो तुमच्यासाठी आहे." शेवटची दोन वाक्यं तिने चक्क मराठीत सांगितली.

"माझ्यासाठी?"

"तुम्ही डॉक्टरकडे जाऊन सांगू शकला असता. तिथे. इव्हन इथे, कुवेतमध्ये, स्वतःहून उपचाराला येणाऱ्याला कायद्यात थोडी सवलत आहे. ऑन पेपर. पण तुम्ही गेला नसता."

"नसतो गेलो."

"बिकॉज ऑफ द लॉ?"

इथे मला 'हो' म्हणता आलं असतं. ते तिच्या निबंधाला शोभलंही असतं. "कायद्याची भीती होती," मी म्हणालो. "पण पंपावर मला कायदा आठवला नाही. लोक काय म्हणतील ते आठवलं. तळघर आठवलं."

तिने तो भाग निबंधातून काढून टाकला. "मी तुमच्यावर पेपर लिहिणार नाही," म्हणाली. मग इंग्रजीत, अगदी हळू: "कॉल हिम."

आधी बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. तिने लाटणं बाजूला ठेवलं, पोळी तव्यावर करपू दिली आणि म्हणाली, "मी त्यांच्या बायकोला फोन केला होता तेव्हा. धीर द्यायला. वर शहाणपण शिकवलं, की असल्या गोष्टी सामानात ठेवू नये हो. ती बाई 'व्हय वैनी, व्हय वैनी' म्हणत राहिली. तिला माहीत होतं का?"

"माहीत नाही."

"मग विचारा ना! आज विचारा. आत्ता." आणि ती करपलेली पोळी तिने मलाच वाढली.

मेस्त्रींचा नंबर तोच होता. चौथ्या रिंगला उचलला.

"कोण? सायबानू! अरे देवा! पाठ कशी आसा तुमची?"

ते बोलत राहिले. मुलगा आता मुंबईला कामाला आहे, फणस यंदा बरे धरले, घराला नवं दार केलं. मी मध्येच तोडून म्हणालो, "मेस्त्री, तो डबा माझा होता. तुम्ही फोन केलात आणि मी आलो नाही."

"माका म्हायत आसा," ते म्हणाले. "डबो तुमचो, ता माका म्हायत नसतला तर कोणाक? तुम्ही इलास नाय, तेवाच समजलंय."

"मग माझं नाव का नाही सांगितलंत?"

"चेडवाची दहावी होती ना हो तुमच्या." मग म्हणाले, "आणि खरां सांगू, पयल्या दिवशी वाटलां येतलास. दुसऱ्या दिवशी वाटलां येतलास. मगे नाव सांगान काय उपेग? माझ्यार कोण विश्वास ठेवतलो?"

मी माफी मागितली. ती त्यांनी ऐकून घेतली, घाईने उडवून लावली नाही, याचं मला बरं वाटलं की वाईट, अजून ठरत नाही. मग त्यांनी सांगितलं, तेही तक्रारीच्या सुरात नव्हे, हवापाण्याच्या सुरात: वाडीत त्यांना 'गोळयेवालो' म्हणतात. समोर नाही, पाठीमागे. मुंबईला निघाले तरी कोणी त्यांच्या हातात कोकमाची पिशवीसुद्धा देत नाही. मुलाची एक सोयरीक एवढ्यावरून मोडली. दुसरी जमली, पण ती लोकं लांबची, त्यांना ठाऊक नव्हतं.

"मी तुमच्या घरी फोन करून सगळ्यांना सांगू का?" मी विचारलं.

"घरात म्हायत आसा. बायकोक म्हायत आसा. माका फोनार सांगून काय उपेग, सायबानू? वाडीत येवा नि सांगा. देवळात चार माणसां बसतत सांजेक, थय सांगा. येताना वैनीक पण हाडा."

"येतो," मी म्हणालो.

ते हसले. माझं 'आलोच' त्यांनी एकदा ऐकलेलं आहे.

मंडळात मी पुढच्याच शुक्रवारी सांगितलं, समोसे तळून होईपर्यंत थांबलो नाही. कोणीतरी विषय बदलायचा म्हणून म्हणालं, "जाऊ दे, सात वर्षं झाली." डॉक्टरांच्या सासूबाई, खसखशीच्या, कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्या सुताराला नाही झाली सात वर्षं. तो रोज त्या बदनामीत राहतो." कंपनीलाही मी लेखी कळवलं आहे. ते काय करायचं ते करतील.

पण तळघर म्हणजे वाडी नव्हे, आणि इथे लिहिणं म्हणजे तिथे जाऊन सांगणं नव्हे. ते मी अजून केलेलं नाही. माझी सुट्टी मंजूर झाली आहे, तिकिटं दोन काढली आहेत, आणि तरीही मला माझी खात्री नाही. मेस्त्रींच्या वाडीत, देवळात संध्याकाळी बसणाऱ्या त्या चार माणसांसमोर, त्यांच्या मुलासमोर, उभं राहून मला सांगायचं आहे की गोळ्या माझ्या होत्या, सवय मला होती आणि मेस्त्रींनी बोलावलं तेव्हा मी गेलो नाही. एवढं मी त्यांचं देणं लागतो.